अक्कानं विचारलेली गाठ

गोदाक्का गेल्याचा निरोप तेलगावच्या शाळेत आला, तेव्हा मी वर्गात शिकवत होतो. फळ्यावर काय लिहीत होतो ते आता आठवत नाही…

अक्का माझी थोरली बहीण. तरुणपणीच विधवा झाली, सिरसाळ्यात राहिली, अन् गावातली निम्मी बाळंतपणं तिच्याच हातानं झाली. दुसऱ्याचं दुखणं ती बोटांनी ओळखायची. स्वतःच्या छातीतली गाठ मात्र तिनं वर्षभर लपवली. दुखत नव्हती, म्हणून. शिवाय दुसऱ्याला लागण होईल या भीतीनं आमच्याकडे आली की ताटवाटी वेगळी ठेवायची. त्यावरूनच माझ्या बायकोला संशय आला.

मला उर्दू येत होती, म्हणून हैदराबादेला तिला मीच नेलं. जनाना दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून मला बाजूला घेतलं. सरतान, म्हणाल्या. आपण कर्करोग म्हणतो तो. काखेत उतरला होता. आता कापून उपयोग नव्हता. त्यांनी सांगितलं, बायांना तो छातीत होतो, गर्भाशयात होतो. तंबाखू खाणाऱ्यांच्या तोंडात न भरणाऱ्या जखमेनं सुरू होतो. प्रत्येक गाठ तसली नसते, पण दाखवायला उशीर करू नये. अन् तो शिवून लागत नाही.

अक्काला मी एवढंच सांगितलं, की औषध दिलंय.

"त्या बाई एवढा येळ बोलल्या," ती म्हणाली, "अन् तू एवढंच सांगतो? समदं सांग."

मी सांगितलं. तिनं विचारलं, "पयल्यांदा हाताला लागली तवाच आले असते तर?"

"कदाचित…"

आमच्या घरी आल्यावर तिनं माझ्या धाकट्या लेकीला मांडीवर घेऊन एका ताटात जेवण केलं. दुसऱ्या दिवशी माझं तोंड उघडून नीट पाहिलं आणि माझी तंबाखूची चंची चुलीत टाकली. मग शेवटचं वर्षभर ती घरोघर जाऊन बायांना विचारत राहिली: कुठं गाठ लागते का, पाळी कायमची गेल्यावर रक्त जातं का? छातीवरून हात कसा फिरवायचा ते माझ्या बायकोलाही शिकवलं.

तेराव्यानंतर आम्ही तिच्याच घरी होतो. घाटनांदूरहून एक बाई नवऱ्याबरोबर आली. "गोदाक्का हायत का?" तिनं विचारलं. मी बायकोला हाक मारली. ती बाहेर आली, त्या बाईचा हात धरून अक्काच्या खोलीत घेऊन गेली आणि तिनं दार लावून घेतलं.

बऱ्याच वेळानं दोघी बाहेर आल्या. बाईचे डोळे रडून लाल झाले होते. पण नवऱ्याला म्हणाली, "गाडी जुपा. दवाखान्यात जायचंय."