दुसरी रेषा

चार वर्षांपूर्वी एका गुरुवारी, दुपारी पावणेचारला, रियाधच्या विद्यापीठात माझ्या बायकोने तिच्या खोलीत रेडिओ दुर्बिणीकडून आलेली फाईल उघडली; मी, एका वर्तमानपत्राचा बातमीदार, शेजारी बसलो होतो. वेलदोड्याच्या गाहव्याचा, म्हणजे अरबी कॉफीचा, वास आला की मला ती खोली आठवते. विश्वाच्या आरंभकाळातल्या एका दीर्घिकेत तिने रेण्वीय वायूचा प्रचंड साठा मोजला होता. थंड हायड्रोजन दिसत नाही, म्हणून तो कार्बन मोनॉक्साइडच्या वर्णपटातल्या रेषांवरून मोजतात. तिच्याकडे एकच रेषा होती आणि अंतरही तिने त्याच रेषेवरून धरलं होतं. फाईलमधल्या नव्या निरीक्षणात दुसरी रेषा ठरल्या जागी सापडली नाही, तर दीर्घिका जवळची ठरणार होती आणि साठा किरकोळ. चार वाजता तिला तोच आकडा विभागापुढे मांडायचा होता. तिचं कंत्राट त्यावर अवलंबून होतं, म्हणजे आमचा इकामा, इथला राहण्याचा परवानाही. तिच्या सौदी सहकारी बाईंनी तिच्यापुढे गाहव्याचा पेला ठेवला. “यल्ला, डॉक्टर, बघून टाक.” आलेख उघडला. ठरल्या जागी काहीच नव्हतं. “दुर्बिणीचं काहीतरी चुकलं असेल,” मी म्हणालो. “तू बातम्या अशाच छापतोस का?” तिने विचारलं आणि सगळं पुन्हा तपासलं. चार वाजता तिने पहिलंच वाक्य उच्चारलं, “मी मोजलेला वायू तिथे नाही.” दीर्घिका तिच्या दूरच्या दीर्घिकांच्या यादीतून गेली. कंत्राट मात्र टिकलं. इकाम्याचं त्यानंतर दोनदा नूतनीकरण झालं आहे.