परत न केलेला डबा

द्राक्षांचा हंगाम सुरू झाला की आमच्या चर्चचे पाळकसाहेब एकदा तरी उपदेशाला बायबलमधला द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला घेतात. मळ्याचा मालक पहाटे मजूर लावतो, मग दुपारी लावतो, आणि दिवस बुडायला आल्यावर नाक्यावर उगाच उभे असलेल्यांनाही लावतो. संध्याकाळी मात्र सगळ्यांच्या हातावर सारखीच मजुरी ठेवतो. पहाटेपासून राबलेले कुरकुरतात. देवाची कृपा ही अशी असते, ती मोजूनमापून मिळत नाही, असं पाळकसाहेब सांगतात आणि मंडळी माना डोलावतात. मी डोलावत नसे. मी निफाडच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. वर्गातली निम्मी मुलं द्राक्षबागा असलेल्या घरांतली. एकदा बोलण्याच्या ओघात हा दाखला त्यांना सांगितला, तर मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "मॅडम, आमच्या पप्पांनी असं केलं ना, तर दुसऱ्या दिवशी सगळे मजूर संध्याकाळीच येतील." वर्ग हसला, मीही हसले. पण परतीच्या बसमध्ये बसल्यावर वाटलं, पोरगं खोटं काय बोललं?

माझा जन्म ख्रिस्ती घरातला, बाप्तिस्मा देवळाली कॅम्पातला, लग्नही तिथल्याच चर्चमध्ये झालं. विश्वास सोडावा असं कधी मनात आलं नाही. फक्त 'कृपा' हा शब्द आला की माझ्यातली मास्तरीण जागी व्हायची. जे फुकट मिळतं त्याची किंमत कुणीतरी कुठेतरी मोजलेली असते, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले आहे. मग न कमावता मिळालेलं घ्यायचं कसं, आणि घेतलं तर मान ताठ ठेवून चालायचं कसं? देवाच्या बाबतीतही मी व्यवहार रोखीचाच ठेवला होता. मुलीचं लग्न सुखरूप पार पडलं, पुढच्या रविवारी चर्चमध्ये उपकारार्पणाचं पाकीट. नवऱ्याचा अपघात थोडक्यात टळला, लगेच पाकीट. देवाचीही उधारी नको, असा माझा खाक्या होता आणि त्याचा मला, खरं सांगायचं तर, अभिमानही होता.

या जानेवारीत, रोजच्या एसटीच्या धक्क्यांनी म्हणा किंवा वयाने म्हणा, माझ्या कमरेतली गादी सरकली. डावा पाय बधिर झाला. डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन कदाचित टळेल, पण त्यासाठी पाठीवर पडून राहायचं. बाथरूमपुरतं उठायचं, वाकायचं नाही, काही उचलायचं नाही. पुन्हा लचकलं तर पायाची खात्री देता येणार नाही. नवरा सातपूरच्या कारखान्यात, त्या महिन्यात त्याची दुसरी पाळी. दुपारी गेला की परत यायला मध्यरात्र. मुलगी नागपूरला, तिच्या पदरात तान्हं बाळ. मी आढ्याकडे बघत पडून राहायची आणि पायाचा अंगठा हलतो का, ते दर थोड्या वेळाने तपासायची. हलायचा, पण जेमतेम. पुन्हा वर्गात उभी राहीन की नाही, एवढा एकच विचार दिवसभर डोक्यात घोळायचा, आणि मला फार भीती वाटायची.

चर्चच्या भगिनी मंडळाने मला न विचारताच आपापसात वार वाटून घेतले. रोज संध्याकाळी एक डबा यायला लागला. दार नुसतं लोटून ठेवलेलं असायचं. येणारी आमच्या ख्रिस्ती रीतीप्रमाणे "सलाम" म्हणत आत यायची, ताट वाढून द्यायची, दोन शब्द बोलून, प्रार्थना करून जायची. आणि माझी खरी पंचाईत इथून सुरू झाली. आपल्याकडे कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत. काही नाही तर चिमूटभर साखर तरी घालायची, हे मी परकर नेसत होते तेव्हापासून आईने शिकवलेलं. मला तर उठून साखरेचा डबा गाठणंही बंद होतं. म्हणून नवऱ्याला कॅम्पातल्या बाजारात पिटाळून मी पेढे आणवले आणि पहिला डबा पेढे घालून परत पाठवला. तो पुढच्या आठवड्यात बिर्याणी घेऊन आला. बिर्याणीला मी काजूकतली लावली. काजूकतलीचं उत्तर म्हणून केक आला, वर सुकामेवा पेरलेला. दुसरीने हे पाहिलं आणि तिच्या डब्याचे दोनाचे चार मजले झाले. महागाई कशी वाढते हे मुलांना समजावताना माझा घसा कोरडा पडतो. इथे ती माझ्याच स्वयंपाकघरात कुणी न शिकवता वाढत होती. नवरा म्हणाला, "अगं, तुझ्या कमरेच्या जिवावर मिठाईवाला दुसरं दुकान टाकणार बघ." मला हसू आलं, पण हिशोब बरोबर राहतोय याचं समाधानही होतं.

पुढे गुरुवार सलोमीताईंकडे आला. या कॅम्पातल्या एका शाळेत मावशी आहेत, म्हणजे वर्ग झाडणं, घंटा देणं, लहान मुलांचं बघणं ही कामं करतात. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, एकट्याच राहतात. त्यांनी बाजरीची भाकरी आणि बोंबलाची चटणी आणली होती, एका पोचे पडलेल्या स्टीलच्या डब्यात. आजारात गेलेली माझ्या तोंडाची चव त्या दिवशी परत आली. पण त्यांचा डबा परत कसा करायचा हे काही केल्या ठरेना. काजूकतली घातली तर त्यांना वाटेल, आता आपणही तसंच काही आणायला हवं, आणि ते त्यांना जड जाईल. नुसती साखर घातली तर बाकीच्यांना काजू आणि मला साखर, असं व्हायचं. पडल्या पडल्या मी योग्य परतफेड काय, याचा इतका काथ्याकूट केला की डबा ओट्यावर तसाच राहिला. पुढच्या गुरुवारी सलोमीताई आल्याच नाहीत. मी मनात म्हटलं, झालं, परवडत नसणार बिचारीला. आणि ठरवलं की यांना दुकानातलं नको, आपल्या हाताने केलेले रव्याचे लाडू द्यायचे. घरचे लाडू ना श्रीमंतीचे, ना गरिबीचे. हा तोडगा मला फारच पसंत पडला.

दोन दिवसांनी दुपारी जरा बरं वाटत होतं. नवरा कामावर गेल्यावर मी कमरेचा पट्टा आवळून उठले, भिंत धरत स्वयंपाकघरात गेले, गॅसवर कढई ठेवली, तूप घातलं, रवा घातला. थोडा वेळ छान भाजला. मग वेलदोड्याची बरणी खालच्या कप्प्यात आहे हे लक्षात आलं आणि मी वाकले. कमरेत वीज चमकल्यासारखं झालं आणि मी फरशीवर होते. डावा पाय माझा राहिलाच नव्हता. फोन पलंगावर. गॅसचं बटण हात पोचेल त्याच्या वर, नुसतं दिसत होतं. रव्याचा वास बदलला, मग धूर यायला लागला, आणि कढईशेजारच्या खिळ्याला हात पुसायचं फडकं लटकत होतं. मी हाका मारल्या. खालच्या घरात टीव्ही मोठ्याने चालू होता. मी सरपटायचा प्रयत्न केला, तर कळ अशी आली की डोळ्यांपुढे अंधारी.

तिथे मी प्रार्थना केली. सवयीने सुरुवात केली, की प्रभू, यातून सोडव, म्हणजे मी तुला... आणि पुढे शब्दच सापडेना. मी तुला काय देईन? माझ्याजवळ त्या क्षणी द्यायला काहीही नव्हतं. उभं राहायची ताकद नव्हती, मोठ्याने ओरडायची नव्हती, आणि देवाला माझ्या पाकिटाचं काय करायचं होतं? मी लहान मुलीसारखी रडले आणि एवढंच म्हणाले, ये. नाहीतर कुणाला तरी पाठव. बदल्यात काही न देता मी देवाजवळ मागितलेली ती बहुधा पहिलीच गोष्ट.

दार वाजलं. "सलाम मॅडम, हाय का जाग्या?" असा सलोमीताईंचा आवाज आला, आणि आवाजात जरा घुस्साच होता. मग धूर त्यांच्या नाकात गेला असावा, कारण चपलांसकट धावत त्या आत आल्या. आधी गॅस बंद केला, फडक्याने कढई धरून मोरीत टाकली, खिडकी उघडली आणि मग माझ्याकडे वळल्या. "अगं बाई! हे काय करून घेतलं?" मी उठायला लागले तर दरडावून म्हणाल्या, "हलायचं नाय अजिबात." डोक्याखाली उशी सारली, माझा फोन आणून दिला, खालच्या घरी जाऊन टीव्ही बंद करायला लावून माणसं वर आणली. डॉक्टर येईपर्यंत त्या फरशीवर माझा हात धरून बसून होत्या. मी विचारलं, "तुम्ही आत्ता कशा आलात?"

"कशी म्हंजे? डबा मागायला! मला शाळेत न्यायला तेवढा एकच हाय. आठ दिस झाले, कॅरीबॅगमधी भाजी नेते. काल सगळा रस्सा पिशवीत सांडला, चष्म्याचं घर बी तेलकट झालं. म्हटलं, आज शाळा सुटली की जाऊन मागतेच. गुरुवारी तरी कशी येणार? भाकरी काय पदरात बांधून आणू?"

मी कसंबसं सांगितलं, की तुमचा डबा रिकामा कसा द्यायचा म्हणून राहिला, त्यात घालायला लाडू करत होते. त्यांनी कपाळावर हात मारला. "लाडू? मॅडम, मला शुगर हाय." आणि मग आम्ही दोघी हसायला लागलो, मला हसताना कळा येत होत्या आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं. निघताना त्यांनी ओट्यावरचा आपला डबा उचलला. माझ्या तोंडून गेलंच, "अहो, रिकामा नका नेऊ." त्या म्हणाल्या, "मग काय, जळका रवा भरू?" आणि डबा काखेत मारून गेल्या.

पाय वाचला. डॉक्टर रागावले, पडून राहायची मुदत वाढवली, पण पाय वाचला. अंगठा आता चांगला हलतो.

तेव्हापासून मी विचार करते आहे, आणि पडून असल्यामुळे विचाराला वेळ भरपूर आहे. बाकी सगळ्यांचे डबे मी वेळेवर, भरून परत केले होते. त्यामुळे त्या दुपारी त्यांच्यापैकी कुणालाही माझ्याकडे यायचं कारण नव्हतं. आमचा हिशोब मिटलेला होता. दुकानदाराला पैसे दिले की आपण वळतो आणि तोही वळतो. कुणाचं कुणाकडे काही राहत नाही, म्हणून परत बघायचीही गरज राहत नाही. बाजारासाठी हे उत्तमच, मी ते उद्याही शिकवीन. पण शेजार त्यावर चालत नाही. एकच देणं माझ्याकडून फिटायचं राहिलं होतं, आणि नेमक्या त्याच वाटेने मदत आली. तो योगायोग होता असं माझे विद्यार्थी म्हणतील. म्हणोत बापडे, मी त्यांच्याशी वाद घालणार नाही. मला मात्र मी मागितलं होतं ते आठवतं, आणि दाराचा आवाज आठवतो.

द्राक्षमळ्याच्या मालकाकडेही मी आता निराळ्या कुतूहलाने बघते. इतकी वर्षं माझी नजर संध्याकाळच्या मजुरीवरच खिळली होती. पण तो मालक दिवसभरात पुन्हा पुन्हा नाक्यावर का येत होता? मजूर तर पहाटेच मिळाले होते. दिवस मावळताना एका तासाच्या कामासाठी कुणी मळा सोडून येतं का? उत्पादनाच्या कुठल्याही नियमात ते बसत नाही. त्याला बहुतेक कुणी उभंच राहिलेलं बघवत नसावं. याचं पुरतं उत्तर माझ्याजवळ नाही, पण पाळकसाहेबांना विचारायला आता माझ्याजवळ एक चांगला प्रश्न आहे.

गुरुवारी सलोमीताई डबा घेऊन आल्या. जेवण झाल्यावर त्यांनी स्वतःच डबा विसळला, पुसला, पिशवीत टाकला. मी जीभ दाताखाली धरून ठेवली. जन्मभर मी प्रार्थनेत रोजची भाकर मागत आले, आणि एखाद्या माणसाजवळ मात्र कधी पाण्याचा पेला मागितला नाही. त्या दाराशी पोचल्या तेव्हा मी हाक मारली. छाती धडधडत होती, हसू नका, खरंच धडधडत होती. म्हटलं, "ताई, मला हरभऱ्याच्या पाल्याची भाजी खावीशी वाटते. आणाल?"

त्या दाराशीच वळल्या. "पाला जून झाला आता. कोवळा शोधावा लागंल, आन् निवडायला बी लय वेळ जातो. उद्या नाय जमायचं. परवा बघते."

एरवी मी लगेच म्हटलं असतं, अहो, मग राहू द्या. तो शब्द ओठांवर आलाही होता. मी तो गिळला, "बरं" म्हटलं, आणि परवाची वाट बघायला लागले.