वाटाघाटीच्या टेबलापलीकडे

मी देश सोडला त्या पहाटे मला निरोप द्यायला घरातलं कोणी गाडीपाशी आलं नाही. पारा एकदम खाली उतरला होता आणि पिंपळगाव बसवंतच्या अलीकडच्या आमच्या गावातली सगळी माणसं द्राक्षबागांत होती. मण्यांत पाणी भरलं होतं. अशा थंडीत मणी तडकतात आणि वर्ष हातचं जातं. म्हणून ओळींच्या मधून छाटणीच्या काड्या पेटवायच्या, धूर धरायचा आणि ऊन येईपर्यंत हलायचं नाही. मी बॅग घेऊन बांधावर गेलो तेव्हा अण्णा, माझे वडील, डोळे चोळत म्हणाले, "जा बाबा. आज बाग सोडून कुठं येता येतंय." दादाने लांबूनच हात केला आणि पुन्हा शेकोटीवर वाकला. विमानतळावर रांगेत उभा असताना माझ्या स्वेटरला धुराचा वास येत होता आणि मला त्याची लाज वाटत होती.

युरोपातल्या ज्या देशाने मला शिकवलं, नोकरी दिली आणि शेवटी पासपोर्टही दिला, त्याच्या पर्यावरण खात्यात मी काम करतो. दर वर्षी सगळे देश हवामानावर भांडायला जमतात तेव्हा त्या देशाच्या शिष्टमंडळात मी लॅपटॉप घेऊन बसतो. समोर भारताची पाटी असते. आज कोण किती धूर सोडतंय याचे आकडे पुरवणं हे माझं काम. गेल्या दीडशे वर्षांत कोणी किती सोडला, तो तक्ताही माझ्याकडे आहे, पण मागितल्याशिवाय तो उघडायचा नसतो. आमच्याकडचं कोणी मागत नाही. खाल्ल्या मिठाला जागतोय, असं मी स्वतःला सांगत आलो.

अण्णा होते तेव्हा त्यांनी फोनवर एकदा विचारलं होतं, "भांडण कशाचं असतं रे नेमकं?" मी सांगितलं, श्रीमंत देश म्हणतात, आता सगळ्यांनीच धूर कमी करा. गरीब देश म्हणतात, तुम्ही मोठे झालात ते धुरावरच, आता आमचं नुकसान भरा आणि मग आम्हाला शिकवा. अण्णा हसले. "म्हंजे करून करून भागला आणि देवपूजेला लागला." मीही हसलो. तेव्हा हसणं सोपं होतं.

मग एका वर्षी अवकाळी आली, तिच्यामागून गारा आल्या आणि दादाची अर्धी बाग भुईला टेकली. हवामानाच्या माऱ्यात सापडलेल्या शेतकऱ्यांना मदत द्यायचा कराराच्या मसुद्यातला एक परिच्छेद त्याच वर्षी चर्चेला होता. मी बैठकीला निघायच्या आदल्या दिवशी दादाचा फोन आला. "लय आशा नाय ठेवत मी. पण तू तिथं हायेस, तर एखादा शब्द टाक आमच्यासाठी."

शब्द मी आधीच टाकून बसलो होतो, भलत्याच ठिकाणी. माझी वरिष्ठ क्लारा, खरंच भली बाई. कॅन्टीनमध्ये एकदा कॉफी पिताना मी तिला त्या शेकोट्यांचं वर्णन केलं होतं. आपण बाहेर राहणारे गावाची गोष्ट कशी सांगतो ते तुम्हाला ठाऊकच आहे, वरून थोडी साखर पेरून. शिवारभर निळा धूर, माणसं खोकताहेत, हसताहेत, चहाची किटली फिरतेय. तडकलेले मणी मी वगळले. गोष्ट बिघडली असती.

बैठकीत भारताच्या प्रतिनिधी, पांढरा अंबाडा घातलेल्या एक बाई, त्या परिच्छेदाची बाजू मांडत होत्या. क्लाराने माइक ओढला. तिथले शेतकरी स्वतःच शेतात उघड्यावर जाळतात, आधी ते थांबवा, असं ती म्हणाली. आणि हे मी ऐकीव सांगत नाही, ती पुढे म्हणाली, आमच्या या सहकाऱ्याचं बालपण त्याच धुरात गेलंय. तिने माझ्याकडे हात केला. त्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे इंग्रजीत विचारलं, "ते का जाळतात, हेही यांनी तुम्हाला सांगितलं असेल ना?"

माइक माझ्या हाताशी होता. तो धूर चार पहाटांचा असतो, हाताशी आलेलं पीक वाचवण्यासाठी केलेला, आणि ज्यांची धुराडी पिढ्यान्‌पिढ्या पेटती आहेत त्यांनी त्याच्याकडे बोट दाखवू नये, एवढंच बोलायचं होतं. मी लॅपटॉपच्या पडद्याकडे पाहत राहिलो. पुढचा मुद्दा घेऊ या, क्लारा म्हणाली. परिच्छेद पुढच्या वर्षावर गेला. माझ्यामुळे गेला असं म्हणणं म्हणजे स्वतःला फार मोठं करणं. तो तसाही गेला असता. पण मी नोकरीसाठी गप्प बसलो आणि त्याबद्दल मला स्वतःला माफ करता येत नाही.

परतल्यावर दादाला व्हिडिओ कॉलवर सगळं सांगितलं. दोन शिव्या खाऊन मोकळं व्हावं, असं वाटत होतं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, एवढं तरी तो म्हणेल याची तयारी ठेवली होती. त्याने नुसता फोन दुसऱ्या हातात घेतला. मागे वहिनी पोरांवर ओरडत होती. मग म्हणाला, "डिसेंबरात पोरांना घिऊन येतोयस ना? ये. पण तिकडं काय काम करतो ते गावात बोलू नको. मी सगळ्यांना सांगितलंय, तू कम्प्युटरमधी हाय."

तिकिटं काढली आहेत. माझं घर कुठलं, असं इथे कोणी विचारलं की मी अजूनही गावाचंच नाव सांगतो. पण आता ते असं घर आहे जिथे माझी लाज झाकायला माझा भाऊ खोटं बोलतो. पारावर कोणीतरी विचारेलच, काय करतो रे तू तिकडं? माझ्या आधी दादा उत्तर देईल, आणि मी तिथेही गप्प बसेन.