तीन काटे आणि कालिपा एजे

कालिपा एजेच्या आणि माझ्या घरांमध्ये एकच कुंपण आहे, आणि त्यातल्या दोन फळ्या कधीच्याच निघाल्यात. तिच्याकडे मी जाते ती त्या फटीतूनच. वयानं मोठ्या बाईला आम्ही एजे म्हणतो, पुरुषाला आके. एजे मोठ्या रस्त्याच्या कडेला मासे विकते. तलावातले, खारवून धुरी दिलेले, दोरीत माळेसारखे ओवलेले. आमच्या बालिक्ची गावचा वारा कुणालाच आवडत नाही, पण मासे वाळवायला बरा, असं ती म्हणते. तिचे यजमान शारशेन आके तलावाच्या बंदरावर क्रेन चालवायचे. बंदराचं काम आटलं आणि ते घरी बसले.

त्यांचा मुलगा एर्मेक सायबेरियात बांधकामावर होता. तिथंच उंचावरून पडला आणि गेला. पेटी विमानानं आली. अंगणात तंबू उभारला, बायका रीतीप्रमाणे आत बसून मोठ्यानं रडत होत्या. एजे त्यांच्या मधोमध बसली होती, पण तिच्या तोंडून आवाज निघाला नाही. तिनं मला खुणेनं जवळ बोलावलं आणि कानात विचारलं, "नाझिरा, चहाचं पाणी ठेवलंय ना गं कुणी?"

लोक बोलायचं ते बोलले. चाळिसाव्या दिवसाचं झालं, वर्षाचं जेवण झालं, दोन्ही वेळा एजे चुलीपाशी उभी होती. मग ती पुन्हा रस्त्यावर माशांच्या दोऱ्या टांगायला लागली. गिऱ्हाइकाशी घासाघीस करायची, सुटे पैसे परत द्यायची, संध्याकाळी घरी येऊन स्वयंपाक करायची. सगळं जिथल्या तिथं. फक्त एर्मेकचं नाव त्या घरात कुणी काढेना.

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात शारशेन आकेंचे पाय सुजले. आडवं झालं की दम लागायचा, म्हणून भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायचे. दवाखान्यात ठेवलं. हृदय कमजोर झालंय, अंगात पाणी साचतंय, असं निघालं. पाणी उतरलं, घरी सोडायची वेळ आली, तेव्हा डॉक्टर सोनुन यांनी एजेला समोर बसवलं. मीही होते.

"मीठ बंद. गोळ्या चुकवायच्या नाहीत. आणि रोज वजन करायचं," त्या म्हणाल्या. "सकाळी उठल्यावर, लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी. कपडे रोज तेवढेच. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते जेवणाचं नाही, पाण्याचं वजन. लगेच मला फोन करायचा. दम लागेपर्यंत थांबायचं नाही."

"काटा कसला घेऊ?" एजेनं विचारलं.

"महागाचा नको. एकसारखा सांगणारा हवा. अर्धा किलो जास्त दाखवला तरी चालेल, पण रोज तेवढाच जास्त दाखवला पाहिजे. पाय नीट मावतील एवढा रुंद, बुटका, आकडे मोठे. आणि कडक जमिनीवर ठेवा, गालिच्यावर नको."

काटा विकत घ्यायची वेळच आली नाही. त्यांची मुलगी चोल्पोन बिश्केकला असते, तिनं ऐकलं आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं एक काटा पाठवून दिला. काळ्या काचेचा, चकचकीत. फोनला जोडला की अंगात चरबी किती, हाडं किती, पाणी किती, सगळं सांगायचा म्हणे. शारशेन आके त्यावर चढले आणि म्हणाले, "हाडं किती ते कळलं, बरं झालं. इतके दिवस काळजी लागली होती."

पण आकडा काही ठरेना. एकदा चढले की चौऱ्याऐंशी, उतरून पुन्हा चढले की एक्याऐंशी. आमच्याकडे घरात जमीन म्हणून दिसतच नाही, लोकरीचा नमदा आणि त्यावर गालिचा. काटा त्यात रुतून बसायचा. मी चुलीजवळचा कोपरा मोकळा केला, गालिचे गुंडाळून बाजूला सारले, खाली जुनी लाकडी जमीन लागली. त्यातली एक फळी पाय दिला की हलायची, म्हणून काटा आणखी सरकवून चुलीच्या ओट्याला लागून सिमेंटवर ठेवला. मग आके तीनदा चढले आणि तिन्ही वेळा एकच आकडा आला.

"झालं," मी म्हटलं.

"थांब," एजे म्हणाली. "एकसारखं बोलतो, पण खरं बोलतो का ते बघू. मी बहात्तर किलो आहे. चोल्पोनच्या वेळेपासून बहात्तरच."

ती चढली. एकोणसाठ.

ती उतरली, पायांनी काटा जरा सरळ केला, पुन्हा चढली. एकोणसाठ. मग तिनं काटा उचलला, खोक्यात घातला, खोकं कपाटावर टाकलं.

"अगं, माझं वजन?" आके म्हणाले.

"मशीन बिघडलंय," एजे म्हणाली.

मी तेव्हाच काहीतरी बोलायला हवं होतं असं कुणी म्हणेल. पण रोज दिसणाऱ्या माणसाचं बारीक होणं दिसत नाही, आणि हिवाळ्यात आम्ही सगळ्याच इतकं अंगावर चढवतो की आत माणूस किती आहे ते समजायला मार्ग नसतो. मलाही वाटलं, मशीनच असेल.

बाजारात इस्मारचं दुकान आहे. तो दुंगान जमातीचा, आमच्या शाळेत माझ्या दोन वर्ग पुढं होता. किटल्या, बॅटऱ्या, हीटर, काय हवं ते ठेवतो. एजेनं त्याला सांगितलं, "काटा दे. घरात वापरायचा. घरातला मला एकोणसाठ सांगतो, तसा खोटा नको."

त्यानं आधी स्प्रिंगचा दिला, वर गोल तबकडी आणि लाल काटा असलेला. "याला बॅटरी लागत नाही, थंडीत बंद पडायची भीती नाही. फक्त अधूनमधून शून्यावर आणून ठेवायचा."

एजेनं बूट काढले, जाड कोट काढून माझ्या हातात दिला आणि चढली. लाल काटा थरथरला आणि साठच्या जरा अलीकडं थांबला.

"हाही तसलाच," ती म्हणाली.

इस्मारनं दुसरा काढला. इलेक्ट्रॉनिक, पण साधा. रुंद पांढरा पत्रा, वर रबर, मोठे काळे आकडे. फोनबिन काही नाही. जमिनीवर ठेवून त्यानं पायानं दाबला, शून्य येऊ दिलं. "आता चढा. हलू नका, समोर बघा."

एकोणसाठ.

"इस्मार," एजे अगदी शांतपणे म्हणाली, "मी इतकी वर्षं रस्त्यावर मासे विकतेय. मला काटा शिकवू नकोस. तुझा सगळा मालच बिघडलेला आलाय."

इस्मार चिडला नाही. मागं जाऊन पाण्याचे दहा-दहा लिटरचे दोन कॅन भरून आणले आणि पांढऱ्या काट्यावर ठेवले. वीस आणि वर थोडं, कॅनचं. मग तो स्वतः चढला. "मागच्या आठवड्यात दवाखान्यात केलं होतं, एक्क्याण्णव. बघा, एक्क्याण्णव. बायको म्हणते हा काटा विकून टाक, घरी आणू नकोस." मग मला चढायला लावलं. माझंही बरोबर आलं. ते त्यानं मोठ्यानं वाचलं, त्याचा राग मी मनात ठेवला.

"एजे," तो म्हणाला, "एक काटा चुकेल. तीन काटे एकत्र बसून कट करत नाहीत."

एजे आमच्याकडे बघत होती. मग तिनं माझ्या हातातला कोट घेतला, अंगात घातला आणि बटणं लावली. मला तेव्हा दिसलं की कोटाची बटणं तिनं आत सरकवून पुन्हा शिवली होती. नवीन दोरा होता. म्हणजे तिच्या हातांनी ते काम केलं होतं. कधी केलं, का केलं, ते तिनं लक्षातच घेतलं नव्हतं.

"पांढरा बांध," ती म्हणाली.

घरी आल्यावर मी काटा सिमेंटवर ठेवला. ती चुलीशी बसली आणि आकेंना म्हणाली, "मी एकोणसाठ किलो आहे."

"हो," आके म्हणाले.

"तुम्हाला दिसत होतं?"

"दिसत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

आके गालिच्याची कड बोटानं सरळ करत बसले. "मला वाटलं, तुला माहीत आहे," ते म्हणाले.

एजेनं मान हलवली आणि रात्रीसाठी बटाटे सोलायला घेतले. मी फटीतून घरी गेले.

त्यानंतर रोज सकाळी आके काट्यावर चढायचे आणि एजे आकडा मोठ्यानं वाचायची. दारावरच्या कॅलेंडरवर त्या त्या चौकटीत लिहायची. त्र्याऐंशी, त्र्याऐंशी, ब्याऐंशी आणि थोडं. असे बरेच दिवस गेले. मग एका सकाळी चौऱ्याऐंशी आलं, पुढच्या सकाळी पंच्याऐंशीच्या वर. मी तिथंच होते, मला वाटलं आता ही काटा खोक्यात घालणार. तिनं आकेंना उतरवलं, शून्य येऊ दिलं, पुन्हा चढवलं, आणि सरळ फोन उचलला.

"मला काही होत नाहीये," आके म्हणाले. "दमसुद्धा नाही."

"काट्याला होतंय," एजे म्हणाली.

डॉक्टर सोनुन यांनी दुपारीच बोलावलं. पायावर बोट दाबलं तर खळगा राहत होता. "खारट काय खाल्लं?" त्यांनी विचारलं. आके खिडकीतून बाहेर बघायला लागले. एजेच्या टपरीतल्या दोरीवरचे मासे मोजायची पद्धत नव्हती, आणि आके रोज दुपारी तिला चहा पोचवायला जात होते. "शेपट्याच खाल्ल्या," ते शेवटी म्हणाले. "शेपटीत असं किती मीठ असणार." गोळी वाढवून दिली, दवाखान्यात राहावं लागलं नाही. डॉक्टर म्हणाल्या, आठवडाभर उशीर झाला असता तर रात्री गाडी बोलवावी लागली असती.

आके शर्टाची बटणं लावत होते तेव्हा डॉक्टरांचं लक्ष एजेकडं गेलं. "तुमचं वजन किती कमी झालंय?"

"तेरा."

"कधीपासून?"

"माहीत नाही."

डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या लिहून दिल्या. रक्त, साखर, थायरॉइड, फुप्फुसांचा फोटो. सगळं ठीक निघालं. मग पुढच्या वेळी त्यांनी विचारलं, "जेवता का नीट?"

"स्वयंपाक करते की," एजे म्हणाली.

"मी जेवणाचं विचारलं."

एजेनं विचार केला. खरंच विचार केला, मी बघत होते. आदल्या दिवशी काय खाल्लं ते तिला आठवेना. "चहा घेते," ती म्हणाली.

"घरात काही झालं होतं का?"

"नाही," एजे म्हणाली.

"मुलगा गेला आमचा," शारशेन आके म्हणाले. "एर्मेक. दोन वर्षं होतील."

एजेच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. डॉक्टरांनी कागदावर काही लिहिलं आणि म्हणाल्या, "यांच्यानंतर तुम्हीही रोज चढा काट्यावर. वाढलं नाही तरी चालेल, पण बघा तरी. आणि सकाळी एक अंडं. भूक लागली म्हणून नाही, गोळी समजून."

ती अंडं खायला लागली. गोळी समजूनच खायची, उभ्या उभ्या, चुलीकडं तोंड करून. आकेंचं वजन झालं की तिचं. आके वाचायचे. एकोणसाठ. एकोणसाठ. एकदा अठ्ठावन्न. आकडा वाचला की ते ताटात आणखी एक अंडं ठेवायचे. उन्हाळ्यात साठ आलं. त्याच सुमारास एक दिवस मी त्यांच्याकडे शेवयांचं सूप प्यायला बसले होते, आणि दोन घास घेऊन एजे म्हणाली, "हे अळणी आहे."

"हिवाळ्यापासून मी काय वेगळं सांगतोय?" आके म्हणाले.

ती उठली आणि स्वतःच्या वाडग्यात मीठ घालून आली.

शरदात चोल्पोन पोराबाळांना घेऊन आली. अंगणात एजे पीठ लाटत होती, बाह्या वर केलेल्या. चोल्पोननं तिचे हात बघितले. "आई, किती वाळलीस गं तू."

"बासष्ट आहे आता," एजे लाटणं न थांबवता म्हणाली. "एकोणसाठ झाले होते."

"पण का?"

"एर्मेक गेला ना," एजे म्हणाली. इतक्या साध्या आवाजात, की जणू कुणी बाजाराचा दिवस विचारला होता. चोल्पोन रडायला लागली. एजेनं पिठाचे हात लागू नयेत म्हणून मनगटानं तिचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं आणि तशीच उभी राहिली. तिचे स्वतःचे डोळे कोरडे होते. जरा वेळानं ती मला म्हणाली, "नाझिरा, तेल तापलंय का बघ."

शारशेन आके अजून आहेत. सकाळी काट्यावर चढतात, उतरताना चुलीचा ओटा धरतात. एजे चौसष्टपर्यंत पोचली आणि तिथंच राहिली आहे. डॉक्टर म्हणतात, एवढं बास.