घाम आला का गो?

पीटीच्या बाई मुलीच्या मागे जाऊन उभ्या राहायच्या, वेणी बाजूला सारायच्या आणि मानेवर उलटा हात टेकवायच्या. आई ताप बघते ना, तसा. “घाम आला का गो?” हात कोरडा निघाला तर लगेच, “नाय आला. जा, अजून एक फेरी.” ओला निघाला तर हात पदराला पुसायच्या आणि पुढच्या मुलीकडे वळायच्या. शाबासकी द्यायची त्यांची पद्धत नव्हती.

अशी एखादी बाई तुमच्याही शाळेत असेल. अंगावर साडी, गळ्यात शिट्टी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. आपण सगळे तिला हसतो. मी तर स्टाफरूममध्ये शेजारच्या खुर्चीवर बसून अकरा वर्षं हसले. मी त्याच शाळेत गणित शिकवते, पेणला. त्या मला ‘गणितबाई’ म्हणायच्या आणि ते ऐकून मला उगाचच आपण कोणीतरी आहोत असं वाटायचं.

बाई खाडीकडच्या. वडील मिठागरात राबले, आईने डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहिल्या. “आमच्याकडं दिवसा बसलेलं माणूस दिसलं की विचारायचे, ताप आलाय काय?” असं सांगायच्या. खो-खोच्या जोरावर शिकल्या, नोकरीला लागल्या. घाम काढायचा पगार मिळणारी आमच्या घरातली मीच पहिली, असं म्हणून स्वतःच पोट धरून हसायच्या.

वर्षातून दोनदा मुलांची वजनं घ्यायची असत. आदल्या दिवशी बाई घरून दहा किलो मीठ घेऊन यायच्या, रेशनच्या दुकानात तोलून. आधी ते काट्यावर चढणार, बरोबर दहा दिसले तरच मुलं चढणार. “काटा खोटं बोलंल. मीठ नाय बोलायचं.” एका जुलैत मिठाने साडेदहा दाखवले. मुख्याध्यापक नुकतेच काट्यावरून उतरले होते. त्यांनी मोठ्या आनंदाने स्वतःचंही अर्धा किलो वजा करून टाकलं. बाई म्हणाल्या, “सर, मिठाला ओल लागलीय. काट्याचं काय चुकलं नाय.” स्टाफरूम आठवडाभर हसत होती.

मूल काट्यावर पाठ करून उभं राहायचं. आकडा फक्त बाई बघायच्या, वहीत लिहायच्या आणि मुलाच्या कानात सांगायच्या. त्यालाही कारण होतं. त्यांच्या आधीच्या सरांनी एकदा आकडे ओरडून सांगितले होते, तेव्हा एका मुलाला दहावीपर्यंत सगळे त्या आकड्यानेच हाक मारायचे. हाक मारणारी पोरंही आपलीच, कुणाला काय सांगणार! हडकुळ्या मुलाच्या कानातही बाई तितक्याच हळू बोलायच्या.

मानसी तेव्हा आठवीत होती. जाड होती, सरळच लिहिते, कारण आम्ही सगळे तसंच म्हणायचो. वडील रोह्याला कंपनीत, शिफ्टला. ही शाळेत यायची रिक्षाने, शाळेतून क्लासला रिक्षाने, क्लासवरून घरी रिक्षाने. क्लास लावा असं तिच्या आईला मीच सांगितलं होतं. मधल्या सुट्टीत ही वेफर्सची पुडी घेऊन वर्गातच बसायची. पीटीच्या तासाला कायम पोट दुखायचं.

एकदा बाईंनी तिच्या मानेवर हात ठेवला आणि तो तिथेच राहिला. मान काळी पडली होती, हाताला जाडसर लागत होती. त्यांनी आईला बोलावून घेतलं.

“मळ आहे हो तो,” आई ओशाळून म्हणाली. “किती घासते, लिंबू लावते, जातच नाही.”

“मळ नाय ताई हा. आतून आलेलं हाय. डॉक्टरला दाखवा.”

“आमच्या घराण्यात हाडच मोठं आहे.”

“असू दे की मोठं. पण ते चालवायचं कुणी?”

आई चिडून निघून गेली. बाई दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्यांच्या घरी हजर. शेवटी तिघी मिळून डॉक्टरकडे गेल्या. रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, शुगर उंबरठ्यावर आहे, पण अजून आत आलेली नाही. पोरीला रोज हलवा, घाम येईपर्यंत. आत्ता हललं नाही तर पुढे गोळ्या आहेतच.

बाईंनी हे स्टाफरूममध्ये फक्त मला सांगितलं. मी “अरे बापरे” म्हटलं आणि पेपर तपासत राहिले.

त्या दिवसापासून बाईंनी एकच ध्यास घेतला. मानसीने मैदानाची एक पूर्ण फेरी धावायची, मध्ये न थांबता. “एक जमली की दुसरीला पाय आपोआप उचलतात. पहिलीच काय ती अवघड.” आधी चालणं. मग एक बाजू धावणं, तीन बाजू चालणं. शाळा भरायच्या आधी पंधरा मिनिटं बाई तिला बोलावून घ्यायच्या आणि स्वतः तिच्या बाजूने धावायच्या, निऱ्या कमरेला खोचून. आम्ही स्टाफरूमच्या खिडकीतून गंमत बघायचो. नववीच्या दिवाळीपर्यंत पोरगी साडेतीन बाजू धावायला लागली. शेवटच्या बाजूला पाण्याची टाकी होती. टाकीपाशी आली की हिचा दम संपायचा, टाकीला हात लावून उभी राहायची. “टाकी काय तुझी मावशी हाय?” बाई ओरडायच्या. मानसी धापा टाकत हसायची. मी तिला हसताना तिथेच पहिल्यांदा पाहिलं.

आता माझं सांगते.

पीटीचा तास मागून घ्यायची आम्हा सगळ्यांनाच सवय. भाषेचे सर घ्यायचे, विज्ञानाच्या मॅडम घ्यायच्या, सगळ्यात जास्त मी. आठवड्यातून दोन तास, त्यातला एक तरी माझा. पोर्शन राहिलाय, सराव परीक्षा आलीय. बाईंनी कधी नाही म्हटलं नाही. “घ्या. पीटीचा तास म्हणजे धर्मशाळा. या, बसा.” मी हसत हसत बसायचे.

जानेवारीत एका गुरुवारी मी नववीचा तास मागितला. बाई म्हणाल्या, “आजचा नाय देत, गणितबाई.”

मला वाटलं थट्टा करतायत.

“आज मानसी टाकी ओलांडणार हाय. वर्गातल्या सगळ्या पोरींना सांगून बसलीय ती. बूटबी धुऊन आलीय. उद्या घ्या, परवा घ्या, दोन घ्या. आजचा नको.”

अकरा वर्षांत पहिल्यांदा नाही ऐकलं आणि माझा पाराच चढला. फेरी! अवयव पाडता येत नाहीत पोरांना, आणि ह्यांना फेरी सुचतेय. मी तशीच तरातरा मुख्याध्यापकांकडे गेले. ते म्हणाले, “गणित महत्त्वाचं, घ्या तुम्ही.” एवढंच. अर्धं मिनिटही लागलं नाही.

मी वर्गात अवयव पाडत होते. खिडकीतून मैदान दिसत होतं. सकाळीच आखलेल्या फक्कीच्या पांढऱ्या रेघा होत्या आणि टाकीपाशी बाई एकट्या उभ्या होत्या. मी फळ्याकडून वळले तर मानसी तिकडेच बघत होती.

“लक्ष कुठे आहे?”

“बाई, माझी फेरी...”

“फेरी काय पळून जातेय? पुढच्या तासाला मार.”

वर्ग हसला. मला तेव्हा तो माझा विनोद वाटला.

पुढचा तास सराव परीक्षेत गेला. त्याच्या पुढच्या आठवड्यात मैदानावर गॅदरिंगचा मांडव पडला. मांडव निघाला तोवर मानसीचं पोट परत दुखायला लागलं होतं. सकाळीही येईना. बाईंनी घरी जाऊन विचारलं. ती म्हणाली, “नको बाई. मी तयार झाले की परत गणित असेल.” हे बाईंनी मला सांगितलं, अगदी साध्या आवाजात. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मला भांडता आलं असतं.

त्याच उन्हाळ्यात पटसंख्या कमी पडली म्हणून बाई ‘अतिरिक्त’ ठरल्या. एक माणूस अकरा वर्षं पळतंय आणि कागदावर ते जास्तीचं निघतं! रोह्याच्या एका शाळेत त्यांची रवानगी झाली. गाव त्यांनी सोडलं नाही. खाडीवरून पेण, पेणहून एसटीने रोहा, असं सुरू केलं. त्यांच्या खुर्चीवर आता उत्तरपत्रिकांचे गठ्ठे असतात. त्यांची जागा भरली नाही. सुट्टी संपून शाळा उघडली तेव्हा मैदानात पेव्हर ब्लॉक बसवलेले होते आणि शाळेच्या बसगाड्या ओळीने उभ्या होत्या. टाकी पाडली होती. पालक खूश, पावसात चिखल नाही.

आणि वजनं? ती माझ्याकडे आली. ऑनलाइन भरायची होती, शेवटची तारीख होती, काटा कपाटात कुठल्या तळाला. मी बाईंची जुनी वही काढली आणि प्रत्येक मुलाच्या आकड्यात दोन किलो मिळवले. मानसीच्याही. गणितच ते, चुकलं नाही कुठे. मीठ असतं तर पकडलं असतं.

दिवाळीनंतर मानसीची आई शाळेत आली. मुलीला वर्गात मध्येच थोडं खायची परवानगी हवी होती. गोळ्या सुरू झाल्या होत्या. “आमचं नशीबच असलं,” ती म्हणाली. मी परवानगीच्या अर्जावर सही केली. नशीब काय म्हणता, मी आहे की समोर बसलेली! असं मनातच म्हणत मी अर्जावर शिक्का मारला.

त्यानंतरच्या जानेवारीत मी प्रशिक्षणाला रोह्याला गेले. बाईंची शाळा जवळच होती, गेले भेटायला. एका खोलीत त्या कॉम्प्युटरसमोर बसल्या होत्या, एका बोटाने मुलांची नावं भरत. शिट्टी गळ्यात नव्हती, पायात चपला. अंगाने सुटल्या होत्या.

“या, गणितबाई! बघताय ना? बसून बसून मीच वाढले. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथं अंगणच नाय हो, वाकडं असतं तरी चाललं असतं.”

आम्ही हसलो. चहा आला. मग त्यांनी विचारलं,

“मानसी कशी हाय?”

“बरी आहे.”

“फेरी मारली का तिनं?”

मला खरं सांगायचं होतं. देवाशपथ सांगते, तोंडही उघडलं होतं. पण समोर त्या चपला दिसल्या.

“मारली,” मी म्हणाले.

“पूर्ण? टाकीपाशी थांबली नाय?”

“नाही थांबली. मुली टाळ्या वाजवत होत्या. वजनही उतरलंय जरा.” एकदा खोटं बोलायचं ठरलं की माणूस हातचं राखून बोलत नाही.

बाई टेबलाचा आधार घेऊन उठल्या, गुडघे धरत माझ्या खुर्चीमागे आल्या आणि माझ्या मानेवर उलटा हात टेकवला.

“घाम आला हो तुम्हाला,” म्हणाल्या आणि हात पदराला पुसला. “प्या, चहा निवतोय.”

परतीच्या एसटीत मला खिडकी मिळाली. पेण आलं. गाडी स्टँडकडे जाताना आमच्या शाळेवरून जाते, हे मला आयुष्यभर माहीत होतं, पण मी कधी त्या उंचीवरून शाळा पाहिली नव्हती. कंपाउंडच्या वरून सगळं दिसत होतं. लाल-करडे ब्लॉक, त्यावर उभ्या पिवळ्या बसगाड्या, आणि टाकी होती तिथे ड्रायव्हर लोकांची पत्र्याची शेड. बाई जूनपासून ह्याच गाडीने रोज दोनदा इथून जात होत्या.

त्यांना सगळं ठाऊक होतं. आणि तरी त्यांनी मला विचारलं होतं, टाकीपाशी थांबली नाय?