लियाकतभाई आणि गिअरबॉक्सचं तेल

लियाकतभाई सय्यद यांनी नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या वीज केंद्रात एकतीस वर्षं तेल तपासलं. ट्रान्सफॉर्मरच्या पोटातल्या तेलाचा नमुना काचेच्या कोरड्या बाटलीत काढायचा, उजेडात धरायचा, वास घ्यायचा, मग प्रयोगशाळेत ते किती व्होल्टेज सोसतं ते बघायचं आणि आकडा लिहून वर पाठवायचा. हवा दमट असली की तेलात ओल शिरून आकडा चुकतो, म्हणून तेव्हा ते नमुना काढत नसत. साहेब कितीही घाईत असोत, "आज नको, ऊन पडू द्या" एवढंच उत्तर. जेलरोडला मी त्यांचा शेजारी. निवृत्त झाल्यावरही ही सवय गेली नाही. भज्यांच्या गाडीजवळ थांबायचे, कढईकडे एकदा बघायचे आणि काही न घेता पुढे चालू लागायचे. त्यांच्याबरोबर फिरायला जाणं म्हणजे उपाशी परत येणं, असं मी त्यांना चिडवायचो.

त्यांच्या बायको माजिदाभाभी जुन्या नाशकातल्या एका उर्दू शाळेत शिकवतात. लहानपणी पोलिओ झाला, तेव्हापासून डाव्या पायात जोर नाही. सव्वीस वर्षं त्या दोन रिक्षा बदलून शाळेत गेल्या. लियाकतभाई निवृत्त झाले त्या वर्षी त्यांनी जुनी पण चांगल्या अवस्थेतली एक ऑटोमॅटिक गाडी घेतली. तिला क्लच नव्हता, त्यामुळे डाव्या पायाला काहीच काम नव्हतं. माजिदाभाभी वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी गाडी शिकल्या. पहिल्यांदा एकट्या सायखेड्याला मोठ्या बहिणीकडे निघाल्या, तेव्हा लियाकतभाई पोचल्याचा फोन येईपर्यंत फाटकातच उभे होते. भाभी परत आल्या त्या हसत. मागच्या सीटवर बहिणीने दिलेली मेथी आणि कांद्याची पिशवी. "सगळ्यांना सांगितलं, मी आले, मला कोणी आणलं नाही," असं त्यांनी मला त्या दिवशी तीनदा ऐकवलं.

पाच वर्षं गाडी बिनतक्रार चालली. मग एका डिसेंबरात भाभी म्हणाल्या, "उजमाचे अब्बा, सकाळी गिअर टाकला की गाडी जरा थांबते. मग धक्का देऊन निघते."

त्यांची मुलगी उजमा लग्न होऊन भिवंडीला गेली, पण घरात ते अजून उजमाचे अब्बाच. त्यांनी संध्याकाळी गाडी फिरवून आणली. धक्का बसला नाही. "थंडी आहे, इंजिन गार असतं," ते म्हणाले.

पण शंका मनात राहिली. त्यांनी चौकशी सुरू केली. ज्या सर्व्हिस सेंटरला गाडी जायची, तिथला मुलगा कॉम्प्युटरकडे बघत म्हणाला, "काका, या गाडीचं गिअर ऑइल आयुष्यभराचं असतं. बदलायचं नसतं." नाशकातल्या द्वारका चौकाजवळच्या एका गॅरेजवाल्याने सांगितलं, आजच मशिन लावून सगळं जुनं तेल धुऊन काढा. तिसऱ्याने घाबरवलं. "जुनं तेल अजिबात हलवू नका. नवं तेल घातलं आणि दुसऱ्या दिवशी गिअरबॉक्स बसला, अशा दोन गाड्या मी डोळ्यांनी बघितल्यात."

तीन माणसं, तीन मतं. लियाकतभाईंनी वही काढली. मोबाइलवर व्हिडिओ बघितले, जुन्या सहकाऱ्यांना फोन केले. मलाही रोज एक नवी गोष्ट कळायची. या तेलाला दोन कामं असतात, ते इंजिनची ताकद चाकांपर्यंत पोचवतं आणि गिअर पकडणाऱ्या आतल्या प्लेटा थंडही ठेवतं. फार जुनं तेल एकदम बदललं तर आतली साचलेली घाण सुटून बारीक वाटांमध्ये अडकू शकते, हे खरं आहे. पण प्लेटा आधीच झिजलेल्या असतील तर दोष नव्या तेलाचा नसतो, हेही खरं आहे. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. वही भरत आली. गाडी होती तिथेच.

"भाई, मग ठरलं काय?" मी विचारायचो.

"बघतोय," ते म्हणायचे.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, भर दुपारी, शाळेतून परतताना भाभी द्वारकेच्या गर्दीत अडकल्या. पंधरा-वीस मिनिटं गाडी इंच इंच सरकत होती. सिग्नल सुटला, भाभींनी ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन ओरडलं, पण गाडी जागची हलली नाही. मागे ट्रक. हॉर्नवर हॉर्न. दोन-तीन सेकंदच झाले असतील, मग गाडी झटका देऊन पुढे गेली. भाभी घरी आल्या, किल्ली टेबलावर ठेवली आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या रिक्षाने शाळेत गेल्या. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी संध्याकाळी मी आणि लियाकतभाई फाटकात उभे होतो. रिक्षा आली. भाभींनी आधी पर्स खांद्यावर घेतली, दोन्ही हातांनी वरचा दांडा धरला आणि डावा पाय हाताने उचलून बाहेर ठेवला. रिक्षावाला मागे वळून बघत थांबला होता. लियाकतभाई पुढे झाले, पण तोवर भाभी उतरल्याही होत्या.

त्या रात्री जेवल्यावर भाभींनी मला बोलावून घेतलं. एरवी ते दोघं आपसात हिंदी बोलतात, मी असलो की मराठी. भाभींच्या हातात गाडीचं पुस्तक होतं.

"देखभालीचा हा तक्ता तुम्ही वाचलात?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"वाचला. गिअर ऑइल, नेहमीच्या वापरात बदलण्याची गरज नाही."

"त्याखाली बारीक अक्षरात काय आहे?"

लियाकतभाईंनी चष्मा लावला. खाली टीप होती: सतत गर्दीत, कडक उन्हात, वारंवार थोड्या अंतरासाठी किंवा घाटात गाडी चालत असेल तर साठ हजार किलोमीटरला तेल बदलावं. गाडी शहाण्णव हजारांवर होती.

"मी रोज हेच करते," भाभी म्हणाल्या. "जेलरोड ते शाळा, शाळा ते जेलरोड. नेहमीचा वापर म्हणजे कोणाचा? तुम्ही सगळ्या नाशकाला विचारलंत. गाडी चालवते मी. मला कधी विचारलंत, धक्का कधी बसतो, किती बसतो?"

लियाकतभाईंनी चष्मा काढला. मग म्हणाले ते मी कधी विसरणार नाही.

"माजिदा, एकतीस वर्षं मी आकडे लिहिले. तेल ठेवायचं की बदलायचं, ते साहेब ठरवायचे. सही त्यांची. मला वाटायचं, मला तेलातलं सगळं कळतं. पण ठरवायची वेळ कधी माझ्यावर आलीच नव्हती. मी बदललं आणि गाडी बंदच पडली तर तू परत रिक्षात बसशील, ही भीती होती."

"आणि न बदलता मी रिक्षात बसलेच की," भाभी म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "आता सही मी करते. उद्या सुट्टी आहे. कुठे न्यायची तेवढं सांगा."

अंबडला चंदर नावाचा मिस्त्री फक्त ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचंच काम करतो, हे वहीत कधीचं लिहिलेलं होतं. सकाळी आम्ही तिघं गेलो. गाडी हळूहळू चालवत भाभींनीच नेली.

चंदर पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. त्याने आधी भाभींनाच विचारलं, "ताई, त्रास गार असताना जास्त की गरम?"

"सकाळी धक्का बसतो. गर्दीत तापली की हलतच नाही."

त्याने मान हलवली. गाडी वर घेतली, खालून थोडंसं तेल पांढऱ्या कागदावर काढलं. नवं तेल लालभडक असतं. हे काळपट तपकिरी होतं. लियाकतभाईंनी कागद हातात घेतला, उन्हात तिरका धरला, नाकाजवळ नेला. मी त्यांच्याकडेच बघत होतो.

"थोडं करपलंय," ते म्हणाले. "पण धातूची चमक दिसत नाही."

"बरोबर," चंदर म्हणाला. "चमक असती तर मी तेल बदललंच नसतं, गिअरबॉक्स उघडायला सांगितला असता. काका, तुम्ही मिस्त्री आहात का?"

"नाही. नुसतं तेल बघायचो."

चंदरने मग सरळ सांगितलं. मशिन लावून तो धुणार नाही, त्याने जुनी घाण एकदम सुटते. खालचा बोल्ट काढून आपणहून जेवढं येईल, साधारण निम्मं, तेवढंच काढायचं, फिल्टर बदलायचा, पुस्तकात लिहिलंय त्याच जातीचं तेल भरायचं. पाचशे किलोमीटर चालवून परत तेच. मग तिसऱ्यांदा.

"आणि बरी होईल?" भाभींनी विचारलं.

"खात्री देत नाही, ताई. साठ-सत्तर हजारांवर गाडी आणली असती तर दिली असती."

"आणि नाही बदललं तर?"

"मग जाईल, याची खात्री देतो."

भाभी म्हणाल्या, "करा."

तेल भरून झाल्यावर चंदरने इंजिन चालू ठेवलं आणि वाट बघत बसला. तेल ठरावीक गरम झाल्याशिवाय पातळी तपासायची नसते, नाहीतर माप चुकतं, असं तो म्हणाला. लियाकतभाईंचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा सैल झाला. एक स्टूल ओढून ते त्याच्या शेजारी बसले आणि दोघं थर्मामीटरवरचा आकडा चढताना बघत राहिले.

पहिल्या वेळेनंतर गरम झाल्यावर गिअर घसरून गाडी न हलणं कमी झालं. दुसऱ्या वेळेनंतर बंद झालं. तिसऱ्या वेळी जून लागला होता, निघालेलं तेल लालसर होतं. सकाळचा धक्का मात्र पूर्ण गेला नाही. गार सकाळी एक हलकासा हिसका अजून बसतो. ज्या प्लेटा झिजल्या त्या झिजल्या, असं चंदर म्हणाला. आणखी पाच वर्षं चालेल किंवा दोनच.

"चार महिने मी वाया घालवले," लियाकतभाई एकदा मला म्हणाले. "त्याच चार महिन्यांत तो हिसका कायमचा झाला असेल का, ते आता कोणी सांगू शकणार नाही." त्यांनी ते तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं, स्वतःची बाजूही मांडली नव्हती.

पुढचा बदल चाळीस हजार किलोमीटरने करायचा, त्रास होण्याची वाट बघायची नाही, हे दोघांनी मिळून ठरवलंय. त्याआधी गिअरबॉक्स गेलाच तर दुसरी ऑटोमॅटिक घ्यायची, हेही. पुढच्या वर्षी भाभी निवृत्त होतील. मग गाडीची गरज कमी होईल, असं मी सहज बोललो, तर भाभींनी माझ्याकडे असं बघितलं की मी विषय बदलला.

परवा त्या बहिणीला दवाखान्यात दाखवायला सायखेड्याहून नाशकात घेऊन आल्या. जाताना एकट्याच गेल्या होत्या. लियाकतभाई या वेळी फाटकात उभे नव्हते. ते घरात निवांत झोपले होते, त्यांनी उचलला नाही म्हणून पोचल्याचा फोन भाभींनी मला केला.