बावीस नंबरचं कलम

ताज्या घावातून ओघळणाऱ्या आंब्याच्या चिकाचा तो उग्र, तुरट दर्प तुम्ही कधी घेतलाय का हो? मी घेतलाय, आणि तो घाव माझ्याच टापटिपीने घातला होता!

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. मुंबईच्या लेकाने आपला जुना संगणक रत्नागिरीला आणून ठेवला आणि साठीला टेकलेली मी चुकतमाकत, स्वतःची स्वतः स्प्रेडशीट शिकले. आमच्या बागेतल्या कोणत्या कलमाने दर हंगामात किती आंबे दिले, याच्या सगळ्या चोपड्या मी त्यात उतरवल्या. काय त्या तक्त्याची शोभा सांगू! जांभ्या दगडाच्या गडग्यासारख्या, कुंपणाच्या भिंतीसारख्या नेटक्या, रेखीव ओळी! मात्र अधूनमधून काही चौकटी, एके ठिकाणी तर अख्खी ओळच, कोऱ्या होत्या, पडलेल्या दातांसारख्या डोळ्यांना खुपणाऱ्या. मी काय केलं? शून्य लिहिलं आणि सगळ्या कोऱ्या जागांत भरून टाकलं. मग सरासरी काढली, उतरत्या क्रमाने लावली. अगदी तळाला आलं बावीस नंबर. ते तोडून तिथे नवं कलम लावायचं, असं मी ऐटीत जाहीर केलं.

"आई, रामाला एकदा विचारूया का?" सून म्हणाली.

"अगं, संगणक काय खोटं बोलतो?"

रामा आमचा जुना गडी, नेमका चार दिवस गावी गेलेला. परतला तो थेट अंगणात धापा टाकत. "वयनी, बावीस नंबर तोडायला तुम्ही सांगितलंत? अवो, ते तर वाटपाचं कलम! त्याचे आंबे मोजलेत कोणी कधी?"

आम्ही धावलो. तोडायला लावलेल्या माणसांना थांबवलं, पण तोवर एक थोरली फांदी भुईवर आली होती.

वाटपाचं कलम! सासूबाईंच्या काळापासून त्याची फळं मोजायची नाहीत, विकायची नाहीत. शेजारीपाजारी, गडीमाणसं, माहेरवाशिणी यांच्या ओटीत घालायची, ही आमच्या घरची रीत. म्हणून तर चोपडीतली जागा कोरी! मी झाडाला ओळखत होते, खोडावरच्या आकड्याला नव्हते. 'फळलं नाही' आणि 'मोजलं नाही' यांत केवढं अंतर! कोरी चौकट बिचारी निष्कपटपणे 'मला ठाऊक नाही' म्हणत होती. मी तिच्या तोंडी खोटी साक्ष घातली, आणि यंत्राने त्या साक्षीवर बिनचूक गणित केलं. सुनेला घेऊन बसले, एकेक शून्य चोपडीशी ताडून पाहिलं. आणखी चार कलमांवर मी असाच आळ घेतला होता, तोही पुसला. आता मी ठामपणे सांगते, अज्ञान झाकणाऱ्या सुबक तक्त्यापेक्षा भोकं पडलेला खरा तक्ता शतपटीने देखणा!

पुढच्या वैशाखात तुटल्या फांदीपायी आंबे कमी पडले. कोणाची ओटी रिकामी राहू नये म्हणून आमच्या घरचा वाटा मी काढलाच नाही. रामा म्हणाला, "आता शिकलाव, वयनी!" किती कमी पडले म्हणता? ते कसं सांगू? मोजले नाहीत.